बारशाआधीचं नाव

माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून मस्कत लिहिलेलं आहे. पुण्यात कॉलेजला आल्यापासून कोणी ना कोणी ते वाचतं आणि विचारतं, "अरे वा, तिकडची का तू? मग सोनं-बिनं किती?" मी हसते आणि विषय बदलते. मला फार बोलता येत नाही, आणि त्या शहराबद्दल जे सांगावंसं वाटतं ते कँटीनमध्ये सांगण्यासारखं नाही. माझा भाऊही तिथेच जन्मला. त्याला पासपोर्ट लागला नाही.

तेव्हा मी दहावीत होते. आम्ही अल् घुब्रात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. शाळा इतकी जवळ की गच्चीवरून तिचं मैदान दिसायचं, तरी बाबा मला गाडीनेच सोडायचे, कारण तिथल्या उन्हात कोणी चालत नाही. बाबा अल् खुवैरच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आई घरी असायची. इतक्या वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा मला वर्गात सांगायची लाज वाटली होती. मग लाज कधी गेली आणि मी वाट कधी बघायला लागले, ते कळलं नाही.

तो वेळेच्या बराच आधी आला. हॉस्पिटलमध्ये त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मनगट फार बारीक, म्हणून ओळखीची पट्टी त्याच्या पायात बांधली होती. तिच्यावर इंग्रजीत 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. आईला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

"माझं आहे ते मला माहीत आहे. तो स्वतः कोण, ते लिहा ना."

"मग सांग नाव, आत्ता बदलून घेतो," बाबा म्हणाले.

"बारशाच्या आधी नाही. त्याची आत्या येईल, कुर्र करेल, मग नाव. तोवर कोणाला सांगणार नाही. तुम्हालाही नाही."

आत्या म्हणजे बाबांची बहीण, चिपळूणची. तिच्या व्हिसाचा अर्ज दिला होता आणि कंपनीतला माणूस रोज "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत होता. मी कधी बारसं पाहिलेलं नव्हतं, म्हणून आत्याने मला फोनवर सगळं समजावून सांगितलं. आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, कुर्र म्हणते, नाव सांगते. आणि ती तशी वाकलेली असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

"पण का?" मी विचारलं.

"का म्हणजे? वहिनीला नणंदेला बडवायची तेवढीच तर संधी मिळते गो."

पलंगावरून आई म्हणाली, "सांग तिला, मी हात तयार ठेवलाय."

बारशाच्या तीन दिवस आधी, सकाळी, मी युनिफॉर्म घालून दूध पीत होते तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला. बाबा दोनदा "यस" म्हणाले आणि शेवटी "थँक यू" म्हणाले. थँक यू का म्हटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ते एकटेच गेले आणि दुपारी हात हलवत परत आले. इतक्या लहान बाळाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरायच्या परवानगीसाठी मृत्यूचा दाखला हवा होता. मृत्यूची नोंद व्हायला आधी जन्माची नोंद हवी होती. आणि जन्माची नोंद आम्ही केलेलीच नव्हती, कारण तिला नाव लागतं आणि आमचं नाव बारशाला यायचं होतं.

"काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता," बाबा म्हणाले. "मला बसायला खुर्ची दिली. हिंदीत सांगितलं, पहले पैदा लिखेगा, बाद में मौत. कल नाम लेके आओ."

संध्याकाळी आत्याचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर टाकून आईच्या खोलीत ठेवला. आईचे टाके अजून ओले होते आणि अंगात ताप होता.

"दादा, काहीतरी एक नाव दे आणि मोकळा हो," आत्या म्हणाली. "वहिनीने मनात ठेवलंय ते नको देऊ. गेलेल्या पोराचं नाव पुन्हा कोणाला ठेवता येत नाही. ते राहू दे पुढच्याला."

"पुढचा कोण आहे?" आई म्हणाली.

आईने फोन जवळ ओढला.

"ते नाव त्याचं आहे," आई म्हणाली. "त्यालाच मिळणार. पण कानात सांगितल्याशिवाय कागदावर लिहायचं नाही. आधी त्याला कळू दे, मग त्या ऑफिसला."

"अगं, पण आता तो..." बाबा म्हणाले.

"तो कुठे आहे ते मला माहीत आहे."

"मग तू चल उद्या. व्हीलचेअर घेऊ."

"मी आले तर त्याला घेऊनच घरी येईन." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ही जाईल."

मी दाराशी उभी होते. कोणीतरी नाही म्हणावं अशी मी वाट बघत होते. आत्या म्हणाली खरी, "वहिनी, पोर आहे ती अजून." पण आईने ऐकलं नाही. "त्याच्या मुलांची आत्या हीच झाली असती," ती म्हणाली.

त्यानंतर आत्या थोडा वेळ फोनवर रडली आणि मग मला म्हणाली, "ऐक. अगदी कानाशी जा. आधी कुर्र, मग नाव. घाई करायची नाही."

"कोणत्या कानात?"

"उजव्या. थांब हं. उजव्याच बहुतेक. तुझ्या वेळी तुझ्या आईने इतके धपाटे घातले की मी कुठल्या कानात सांगितलं तेच आठवत नाही."

आईने मला जवळ ओढलं आणि माझ्या कानात नाव सांगितलं. तिचा श्वास तापाने गरम होता. बाबा समोरच उभे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

सकाळी गाडीत आम्ही दोघंच होतो. हायवेवर बाबा म्हणाले, "एकदा म्हणून बघतेस का?"

"नको."

"बरं. मनात म्हण."

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एका मल्याळी सिस्टरने दार उघडलं. बाबांनी तिला इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला की आमच्याकडे एक पद्धत असते. ती म्हणाली, "टेक युवर टाइम," आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो पांढऱ्या कापडात होता. पट्टी अजून पायात होती. त्या काचेच्या पेटीत तो नेहमी काहीतरी करत असायचा, बोटं मिटायचा, कपाळाला आठ्या घालायचा. आता तो काही करत नव्हता, आणि त्यामुळे मला पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट दिसला. बाबांसारखा होता.

मी वाकले. त्याचा कान थंड होता आणि त्यावर बारीक लव होती. मराठीत बोलताना मी अडखळते. आत्याशी बोलतानासुद्धा आधी मनात वाक्य जुळवते. पण कुर्र कुठल्याच भाषेतलं नाही, म्हणून ते जमलं. नावाच्या वेळी आवाज फुटला नाही. मी परत पहिल्यापासून सुरुवात केली, कुर्र केलं, आणि मग नाव सांगितलं.

त्यानंतरही मी तशीच वाकून राहिले. पाठीला काहीतरी लागेल असं वाटत होतं. बाबा मागेच होते आणि त्यांना ती रीत माहीत होती, पण त्यांचे हात खिशातच राहिले. ते बायकांचं काम होतं.

ऑफिसात आमचा नंबर लागला तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी बाबांना ओळखलं आणि पुन्हा खुर्चीकडे हात केला. भरतकामाची टोपी घातलेले, बाबांपेक्षा थोडे मोठे.

"नाम?"

बाबांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीतच नव्हतं. मी नाव सांगितलं.

"फिर से बोलो, बेटी."

शाळेत हजेरीला मी 'प्रेझेंट' म्हणायचे तेही पुढच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. इथे मागे रांग होती. मी पुन्हा सांगितलं, यावेळी मोठ्याने. त्यांनी ते अरबी वळणाने उच्चारून पाहिलं, उजवीकडून डावीकडे लिहिलं, मग पुढे बाबांचं नाव आणि त्याच्यापुढे आजोबांचं. आई सोडली तर माझ्या भावाचं नाव माझ्यानंतर पहिल्यांदा त्यांनी घेतलं. मी ते इथे लिहिणार नाही. जिथे लिहायचं होतं तिथे ते लिहिलेलं आहे.

"छान आहे," बाबा म्हणाले. मराठीतच, खाली बघत.

पहिला कागद छापून आला. त्या गृहस्थांनी तो दुसऱ्या कागदासाठी थांबवून ठेवला नाही. शिक्का मारून आधी बाबांच्या हातात दिला, आणि मग जरा वेळ समोरचं काहीतरी आवरत बसले. बाबांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. तेवढ्या वेळापुरता माझा भाऊ फक्त जन्मलेला होता. मग त्या गृहस्थांनी दुसरा कागद यंत्रात घातला.

दुपारी बाबा आणि त्यांच्या ऑफिसातले दोघं त्याला घेऊन गेले. मला त्यांनी घरी सोडलं. शेजारच्या काकू आईजवळ बसल्या होत्या, त्या मला बघून स्वयंपाकघरात गेल्या. आई उशीला टेकून बसली होती.

"सांगितलंस?"

"हो."

"कुर्र केलंस?"

"दोनदा. पहिल्या वेळी नाव नाही आलं."

तिने मान हलवली. खिडकीबाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"आणि धपाटा? कोणी घातला?"

"कोणी नाही."

"इकडे ये," आई म्हणाली. "वाक."

मी पलंगाशी वाकले. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. हळू नव्हता, चांगला लागला. मग आणखी एक घातला. तिसऱ्या वेळी हात पाठीवर पडला आणि तिथेच राहिला, आणि आदल्या सकाळचा तो फोन आल्यापासून पहिल्यांदाच ती रडायला लागली. बुटांना वाळू लागलेले बाबा परत आले तेव्हा मी अजून तशीच वाकलेली होते.