आधी आबा बसतील

"आधी आबा बसतील," असं म्हणून आमचे शेजारी गाडीच्या दारावर तळहात ठेवायचे, की विषय संपला. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत त्या गाडीत बसायला कोण टपलेलं नव्हतं? एका नवरदेवाचे मामा तर वरातीसाठी गाडी मागायला दोनदा हेलपाटा घालून गेले. मी भिंतीला भिंत लागलेली शेजारीण, सणावाराला पुरणपोळी पोचवणारी. मलाही तेच उत्तर. आज ते नाहीत, त्यांचे वडील आबाही नाहीत.

गाडी विलायती, जुन्या जमान्यातली. दोनच सीटा, डोक्यावर छत नाही, नाक लांबलचक. खुलताबादकडच्या एका जमीनदाराची ती. आबा तरुणपणी त्याच्या मळ्यात कामाला होते. गाडी रोज त्यांनीच धुवायची, पण आत बसायचं नाही. गादीसुद्धा बाहेरून वाकून पुसायची. पुढं गाडी गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली आणि शेवटी भंगारात निघाली, तेव्हा कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला हा लेक ती टेम्पोत घालून घरी घेऊन आला.

मग आमच्या दुपारच्या झोपेचं वाटोळं झालं. हातोडी, पॉलिशपेपर, वाळूजला ओळखीच्या लेथवर करून आणलेले पार्ट. "जशी होती तश्शीच पायजे," हा हट्ट. सीटखालचा पोपडा काढून त्याच्याशी हिरवा रंग जुळवला. बायको एकदा म्हणाली, "लाल करा की, उठून दिसंल." तर दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

इंजिन सुरू झाल्यावर ते एकटेच गाडी घेऊन घाट चढून यायचे. केसांत धूळ, तोंडावर शाळकरी हसू, डावी सीट रिकामी. ट्रकवाले वाकून फोटो काढायचे म्हणे.

"आबांना कधी बसवताय?" मी विचारायचे.

"गादी होऊ द्या ताई. फाटक्या गादीवर नाय बसवायचं त्यांना."

इकडं आबांचं विसरणं वाढत होतं. जेवलेलं विसरायचे, नातवाचं नाव विसरायचे. मळ्यातलं मात्र सगळं लख्ख आठवायचं.

गादी झाली. सकाळी सगळी गल्ली जमली. पांढरं धोतर, नवा सदरा घातलेल्या आबांना लेकानं हाताला धरून बाहेर आणलं. गाडी दिसताच आबांनी हात सोडवून घेतला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि मडगार्ड पुसायला लागले.

"आबा, आपली गाडी हाय. बसा."

"येडा का काय तू? मालक बघतील. सरक तिकडं."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. लेकानं हुबेहूब मालकाचीच गाडी उभी केली होती. मग आबांनी तिला दुसरं काय समजावं? रंग वेगळा असता तर ते बसले असते, असं मला अजून वाटतं आणि जीव तुटतो.

"हे बघा, मी बसतो, मग तुम्ही या," म्हणत लेक स्टेअरिंगमागं बसला आणि त्यानं गाडी सुरू केली. तो आवाज ऐकला मात्र, आबा दोन पावलं मागं सरले. रोज सकाळी मला ताठ मानेनं जयभीम म्हणणारे आबा. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या लेकासमोर हात जोडले.

"रामराम, मालक."

लेकानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि बापाचे हात आपल्या हातांनी सोडवायला लागला.

"आबा, मी हाय. तुमचा पोरगा."

आबांचे हात काही सुटेनात.