हनीफभाईंची दुसरी गाडी

हनीफभाई गेले तेव्हा त्यांच्या पुढच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आज वर्ष झालं. आता ते ठरणार नाही.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हनीफभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. शारजात फायबरच्या बोटी बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन. अल मजाजला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे.

बोटी पोटासाठी. जीव सगळा स्पोर्ट्स कारमध्ये.

आता मिळत नाहीत अशा जुन्या गाड्यांचं किट परदेशातून मागवता येतं. सांगाडा, बॉडी, सुटे भाग. ते जोडून हुबेहूब तशी गाडी उभी करायची. पहिली गाडी त्यांनी वर्कशॉपमागच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी राबून केली. अरबाबने, म्हणजे मालकाने, जागा दिली. अधूनमधून येऊन तो बॉनेटवरून हात फिरवून जायचा.

पासिंगसाठी किती चकरा झाल्या ते जाऊ दे. पण एका हिवाळ्यात ते मला त्या गाडीत बसवून खोरफक्कानच्या रस्त्याने घेऊन गेले. छप्पर नव्हतं. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नव्हतं. ते नुसते हसत होते.

परत आल्यावर पार्किंगमध्येच म्हणाले, "काय संपादक, पुढची कुठली करायची?"

मी संपादक कधीच नव्हतो. इथल्या एका पेपरात कॉपी तपासतो. त्यांना त्याने काही फरक पडत नव्हता.

मग सुरू झालं. दोन सीटची उघडी इंग्लिश, की पंखांसारख्या वर उघडणाऱ्या दारांची जर्मन? दर रविवारी करक चहावर तोच विषय. कॅनडातली लेक, सना, व्हिडिओ कॉलवर कंटाळून म्हणायची, "अब्बा, जस्ट पिक वन."

एकदाची त्यांनी पिक केली. उघडी इंग्लिश.

त्यांचे इंग्रजी मेल मीच लिहून द्यायचो. किटवाल्यांचा मेल आला. बाकी सगळं ठीक, फक्त एवढं कळवा: लेफ्ट हँड ड्राइव्ह की राइट?

इथे स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे उजवीकडे.

हनीफभाई स्क्रीनकडे बघत बसले.

आतून रुखसानाभाभी आल्या. हाताला तांदळाचं पीठ. "राइट लिहा," म्हणाल्या. "मी आजच बॅगा भरते."

गाडी व्हायला दोन-तीन वर्षं लागणार होती. हनीफभाईंची रिटायरमेंटही तेवढ्याच अंतरावर होती. बाजू सांगायची म्हणजे म्हातारपण कुठे काढायचं तेच सांगायचं.

भाभींना गावीच जायचं होतं. गावचं घर कधीच बांधून झालेलं. दर सुट्टीत त्या जाऊन ते झाडायच्या, पुन्हा कुलूप लावून यायच्या.

मी म्हटलं, "भाभी, असली गाडी आपल्याकडे पास होणं कठीण आहे."

"नाही झाली तर अंगणात ठेवू. कोंबड्या बसतील. तुम्ही बाजू तेवढी लिहा."

हनीफभाई हसले. लिहू मात्र दिलं नाही.

भाभी आत गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

"गावात मला आता कोण ओळखतो? मशिदीत गेलो तर पोरं विचारतात, पावणे कोणाकडचे? आणि इथे काय, नोकरी आहे तोवर हबीबी. व्हिसा संपला की यल्ला, सामान उचला."

थोड्या वेळाने म्हणाले, "स्टिअरिंग मधोमध देतात का, विचारून बघा."

विचारलं. देत नाहीत.

लोकांकडून वेळेत मजकूर काढून घेण्यात माझा जन्म गेला. हनीफभाईंकडून एक शब्द निघाला नाही. दर वेळी माझ्याकडून तेच लिहून घ्यायचे, पुढच्या आठवड्यात कळवतो. भाभी लिफ्टमध्ये भेटल्या की भुवया उंचवायच्या. मी नकारार्थी मान हलवायचो.

मग त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, वर्कशॉपमध्ये त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

गावाहून भाभींच्या दिराचे फोनवर फोन. मय्यत इकडे पाठवा.

इतकी वर्षं गावी चला म्हणणाऱ्या भाभींनीच नको म्हटलं. "जिवंतपणी हो म्हणाले असते तर नेलं असतं. आता पेटीत घालून, सामानासारखं, नाही पाठवायचं."

शारजाच्या कब्रस्तानात मीही माती दिली. माती कसली, वाळूच ती.

भाभींचा व्हिसा हनीफभाईंच्या व्हिसावर होता. काही महिन्यांनी त्यांनाही निघावं लागलं. ज्या घरासाठी भांडल्या त्याच घरी. एकट्या.

एअरपोर्टवर सोडायला मी गेलो. ट्रॉली ढकलत असताना त्यांनी विचारलं, "खरं सांगा. माझ्या मागे तुमच्याशी तरी बोलले होते का, कुठली बाजू?"

"नाही, भाभी."

दारापाशी त्या थांबल्या.

"म्हणजे मला नाही असंही म्हणाले नव्हते," म्हणाल्या, आणि पासपोर्ट काढून आत गेल्या.

किटवाल्यांचा त्यानंतरही एक मेल आला होता. ऑर्डर रद्द करा, असं कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

शेडमधल्या मोकळ्या जागेत आता बोटींच्या सीट रचून ठेवतात. पहिली गाडी अबू धाबीच्या कुणीतरी नेली.

आज सकाळी कब्रस्तानात जाऊन आलो. सगळ्या कबरी सारख्याच. त्यांची कुठली, ते रखवालदाराला विचारावं लागलं. तो म्हणाला, इनके घर से कोई आता नहीं. मी म्हटलं, इथे घरचं कुणी राहिलेलंच नाही.

माझीही रिटायरमेंट आली आहे. पुढच्या वर्षी या दिवशी मी पुण्यात असेन.

हनीफभाई, सलाम. या वर्षी येऊन गेलो. पुढच्या वर्षी तुमच्याकडे कोण येईल, मला माहीत नाही.