खळ लावलेलं बटण

पत्नी गेली तो गुरुवार होता. सकाळी तिने चहा केला. दुपारी दवाखान्याच्या पायरीवर माझ्या हातातून मोबाइल पडला आणि त्याची काच फुटली. संध्याकाळी आम्ही तिला घेऊन घरी आलो.

मोबाइल घरात एकच होता, बटणांचा. ती अकोल्याला धाकट्या बहिणीकडे जायची तेव्हा तो माझ्यापाशी ठेवायची. पूर्वी ती माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवत असे: दूध तापवा, गॅस बंद करा, नळ आला की पाणी भरा. मी अमरावतीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. हाती आलेला कागद पुस्तकात खूण म्हणून घालायची सवय. दूध नासायचं आणि चिठ्ठी महिन्याभराने एखाद्या कादंबरीच्या दोनशेव्या पानावर सापडायची. शेवटी तिने चिठ्ठ्या सोडल्या आणि सूचना मोबाइलमध्ये बोलून ठेवू लागली. परत आल्यावर विचारायची, "आयकलं का?" मी हो म्हणायचो. खरं तर मी एकही रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. वाचत बसायचो.

तेरावं झाल्यावर ती रेकॉर्डिंग ऐकावीशी वाटली, पण पडद्यावर काही दिसेना. मी बाजारातून नवा पडदा आणला आणि स्वतःच बसवायला घेतला. तीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधलेल्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू उसवून पुन्हा शिवता येईल असं वाटतं. पडदा बसला. मात्र त्या खटपटीत बटणांखालचा पातळ कागद सुटून आला. त्याला चांदीच्या रंगाच्या टिकल्या होत्या. काही केल्या तो परत चिकटेना. मग मी वाचनालयात करतो तशी मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घातलं, ब्रशने सगळीकडे सारखी पसरली आणि कागद चिकटवला. वर दिवसभर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले.

फोन सुरू झाला. सगळी बटणं चालली, मधलं तेवढं चालेना. आणि त्या फोनमध्ये काहीही उघडायचं तर मधलंच लागे. यादीत नऊ रेकॉर्डिंग दिसत होती. एकही उघडत नव्हतं.

फोनबरोबर आलेली पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचली. तीत लिहिलं होतं, मधलं बटण दाबा. मी अंगठ्याने दाबलं, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबलं, फोन उन्हात ठेवून दाबलं.

मेहुणी अकोल्याहून आलेली होती. तिने विचारलं, "भाऊजी, काय करून राहिले?"

"बटण दाबतो आहे."

"काल बी तेच करत होते ना तुमी?"

तिने मला ओढतच एका दुकानात नेलं. दुकानदार आधी घड्याळं दुरुस्त करायचा, आता मोबाइल. डोळ्याला भिंग मात्र घड्याळाचंच.

"काकाजी, पडदा कोनं बसवला?"

"मी."

"मस्त बसवला."

मी मेहुणीकडे पाहिलं. तेवढ्यात त्याने बटणांचा कागद उचलला आणि नाकाजवळ नेला.

"ये क्या है? निळं निळं कायचं हाय हे?"

"खळ. मोरचूद घातलेली. कसर लागत नाही."

"मोबाइलले कसर?"

"भाऊजीचं काई सांगता येत नाही," मेहुणी म्हणाली. "उद्या पुठ्ठा बी बांधतीन."

त्याने भिंगातून मला दाखवलं. टिकली खालच्या पट्टीला टेकली की बटण लागतं. मधे माझी खळ वाळून बसली होती आणि मोरचुदाने पट्टी खायला सुरुवात केली होती.

"दुसरा घ्या म्हनलं असतं," तो म्हणाला, "पन या साली नवा कोन घेते? कपाशी गेली तवापासून लोक जुनाच आनून राहिले."

मग मी त्याला आत काय आहे ते सांगितलं. दुसरीकडे काढून घेता येईल का, असंही विचारलं. त्या फोनात ती सोयच नव्हती. नंतर त्याने थट्टा केली नाही. स्पिरिटमध्ये कापूस भिजवून, घड्याळाच्या सुईने, तासभर तो ते बटण खरवडत बसला.

"पट्टी पतली झाली काकाजी. चालन, पन किती दिवस ते अल्लाच जाने. उगीच दाबू नका. आता दाबा."

मी दाबलं. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग ती.

"आयका. मी अकोल्याले चालली. वांग्याची भाजी झाकून ठेवली, दोन रोज पुरवा. मले तिथं काई गोड लागत नाही, तिच्या हातचं सारं अळणी. पन बहीन हाय, जा लागते. अन् तुमी हे आयकून राहिले का? नसानच आयकत. पुस्तक खाली ठेवा."

माझ्या हातात पुस्तक नव्हतं.

मेहुणी फोनकडे बघत म्हणाली, "अळणी? दोन-दोनदा वाढून घेत होती ना वं तू, तवा?" ती हसायला लागली आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. दुकानदार भिंग पुसत राहिला.

त्याला बरीच वर्षं झाली. बटण अजून चालतं, दोन-तीनदा दाबावं लागतं. नऊपैकी सहा रेकॉर्डिंग मी ऐकली आहेत. तीन राखून ठेवली आहेत.