पाचवं घर

माझा नवसावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आईवर थोडा रागच होता. गेल्या वर्षी तिनं अंथरूण धरलं आणि जालन्यातल्या आमच्या घरात एकच धोशा लावला. लहानपणी मला डांग्या खोकला झाला, तेव्हा तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावच्या सवारीला, म्हणजे मोहरमात बसवतात त्या पंजाला, ती नवस बोलली होती, "पोरगं वाचू दे, मोहरमात त्याला फकीर करीन." ते राहूनच गेलं. आता पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या कारकुनानं गळ्यात हिरवा दोरा बांधून पाच घरी मागायचं! पण तिनं अन्न सोडलं होतं. मुकाट्यानं गेलो.

खरी अडचण वेगळीच होती. गावात थोरला भाऊ राहतो. बांधावरून आमचं बिनसलेलं, इतकं की आजारी आईला बघायलाही तो आला नव्हता. सवारीची सेवा करणाऱ्या चांदचाचांनी दोरा बांधला आणि बजावलं, "घर निवडायचं न्हाई. ओळीनं बराबर पाच." मी मनात मोजलं. दादाचं घर सहावं. सुटलो!

चार घरांनी पीठ, गूळ घातला. पाचव्या दाराला कुलूप. जन्मभर ओट्यावरून न हललेल्या शेवंताकाकू नेमक्या त्या दिवशी परतूरला गेल्या होत्या. मी मागं वळलो, तर सोबत आलेले चाचा म्हणाले, "कुलूप मोजत न्हाईत. मंग पुढचं."

दादाच्या दारात झोळी पसरली, पण मान वर करवेना. तो पाठ फिरवून आत गेला. संपलं, असं वाटलं. तेवढ्यात तो तांब्या घेऊन आला.

"आधी पाणी पी. इमाम हुसेन तहानलेले गेले. ह्या महिन्यात दारातून कुणी तहानलेलं जाऊ नये." मग ओंजळीनं पीठ घालताना त्यानं विचारलं, "आई काय करून राह्यली?"

"जेवत न्हाई."

त्यानं पायात चपला सरकवल्या.

चाचींनी त्या पिठाचा मलिदा केला, सवारीला नैवेद्य दाखवला. दिवेलागणीला दादा तो घेऊन जालन्यात आईच्या उशाशी बसला. ती मला म्हणाली, "पाचवं घर कुणाचं आलं?"

"माझं," दादा म्हणाला. आईनं लेकरासारखा आ केला.

ते कुलूप कुणी लावलं, यावर मी वाद घालत नाही. ताठ मानेचा मला फार अभिमान होता, पण जे मिळालं ते मान खाली गेल्यावरच, आणि त्या उपकाराला माझ्याकडं शब्द नाहीत. यंदा आई गावी दादाच्या ओसरीत बसून बघत होती आणि दोरा बांधून घ्यायला दादाही माझ्या शेजारी होता. घरं मोजायचं काम मी चाचांवर सोडलं.