पिराजीनं कबूल केलेली जोडणी

पिराजी मोरबाळे पाणीखात्यात फिटर होता. जमिनीखालची गळती तो पहारीला कान लावून ओळखायचा. आमच्या गल्लीत त्याला मान होता. निदान त्रेपन्न सालच्या मार्चपर्यंत तरी.

मंगळवार पेठेतली आमची गल्ली चढाची. अगदी वरच्या टोकाला हंबीरराव इंगवल्यांचं घर. पाणी आधी उताराला येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडं मात्र उलटं. खालच्या नळांना करंगळीएवढी धार आणि वर हंबीररावांचा हौद भरून वाहायचा, त्यांच्या म्हशी दोनदा धुतल्या जायच्या. त्यावर गल्लीतले शहाणे मान डोलवायचे, "इंगवल्यांची पुण्याईच मोठी." ही पुण्याई वीस वर्षं चालली. तोवर विहिरीचं पाणी वाहून वाहून शेजारच्या तानाबाईची मान वाकडी झाली.

त्या साली गंजलेली जुनी लाइन काढून नवी घालायचं काम निघालं. घरोघरच्या शिशाच्या नळ्या काढून लोखंडी पाइप बसवायचे होते. गल्लीच्या तोंडाशी चर खणला आणि गल्लीचं पाणी सोडायच्या-बंद करायच्या व्हॉल्वच्या अलीकडंच मोठ्या लाइनीला जोडलेली एक नळी दिसली. इतरांच्या नळ्या बोटाएवढ्या, ही मनगटाएवढी. ती कुठं जाते ते बघायला अख्खी गल्ली चराच्या कडेनं निघाली. नळी एकेका दारावरून पुढं गेली, तसा लोकांचा आवाज चढत गेला. ती हंबीररावांच्या हौदात शिरली, आणि सगळे आपापले जोडे पाहू लागले.

हंबीरराव मिशीवर हात फिरवत बाहेर आले. "आमास्नी काय ठावं? कुण्या नळवाल्यानं लबाडी केली आसंल."

"अंबादास मिस्त्रीचं काम असणार," ओव्हरसियर लगबगीनं म्हणाला. अंबादास मिस्त्री मरून नऊ वर्षं झाली होती. मेलेला माणूस फार सोयीचा असतो.

चरात उभ्या असलेल्या पिराजीला हातोडा जड झाला. अंबादास त्याचा गुरू.

"मिस्त्रीचं नाव घ्यू नका," तो म्हणाला. "ही जोडणी मी केलती. संस्थानच्या वक्ताला. आनि इंगवलेसाब, तुमीच सांगितलंसा की! हितंच फेटा बांधलासा मला."

मग त्यानं वाकून त्या नळीवर घाव घातले. शिसं मऊ. पाच घावांत चपटं झालं.

आता गल्ली खवळली, पण कुणावर? पिराजीवर! "चोर! आमच्या तोंडचं पाणी पळवलंस!" ज्यानं पाणी पळवलं तो दारात पान चघळत होता, त्याच्याकडं बोट दाखवायची एकाची छाती झाली नाही. पिराजीची बदली तलावावर, गाळ काढायच्या कामावर झाली. नवी लाइन सुरू झाली तेव्हा नारळ हंबीररावांनी फोडला. "पाणी सर्वांचं आहे," असं ते भाषणात म्हणाले, आणि वीस वर्षं तहानलेल्यांनी त्यांना हार घालून टाळ्या वाजवल्या.

तानाबाई त्या सोहळ्याला गेली नाही. ती पिराजीच्या घरी गेली. त्यानं पाट मांडला, ती बसली नाही.

"वीस वर्सं रोज मला विहिरीवर जाताना बघितलंस. तवा त्वांड कुठं गेलतं रं?"

"भ्यालो, आक्का," पिराजी म्हणाला. "फेट्याचं बी अप्रूप वाटलं. खोटं कशाला बोलू?"

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "माझ्या घरचा पाइप अजून बसल्याला न्हाय," ती म्हणाली. "तूच यायचंस. त्या गल्लीतल्या मेंढरांदेखत."

रविवारी पिराजी हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्यानं वाटेत प्रत्येकाला रामराम घातला, एकानंही घेतला नाही. दुपारपर्यंत खपून त्यानं नळ बसवला, तोटी सोडली. धार अशी सणसणीत आली की तानाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. ती हसली. पिराजीला हसू आलं नाही. तो ओट्यावर बसून रडला. तानाबाईनं त्याला रडू दिलं, आणि समोरच्या खिडकीतून डोकावणाऱ्यांना ओरडून विचारलं, "काय बघताय? कधी माणूस बघितला न्हाईसा?"