न चाखलेला रस्सा

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि त्या पदवीमागे सगळ्यांत मोठं ऋण आहे मंगळवार पेठेतल्या खानावळीच्या मावशींचं. त्या आठवल्या की आधी त्यांचा कान आठवतो. मटणाची चरबी कढायला ठेवली की मावशी पदर मागे सारून पातेल्याकडे कान करून उभ्या राहायच्या. मध्येच कुणी बोललं तर हात वर व्हायचा. "गप रं. बोलालीया ती."

ती म्हणजे चरबी. विळीवर बारीक चिरून, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवलेली. आधी पाणी खळखळतं, मग तडतड सुरू होते, मग तीही बारीक होत जाते. ती थांबली की लगेच पातेलं उतरवायचं. आधी उतरवलं तर कच्चा वास राहतो, उशीर झाला तर करपते. गाळलेली चरबी थिजून पांढरी व्हायची आणि दुपारच्या रश्श्याला तिचीच फोडणी बसायची.

तुम्ही म्हणाल, थेंबभर जिभेवर ठेवायचं, कानाचा एवढा खटाटोप कशाला? पण मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. नवरा आजारी असताना घातलेली. तो गेला, पोटासाठी खानावळ काढावी लागली, आणि आमच्याकडे मटणाशिवाय खानावळ चालत नाही. म्हणून मटणाची चूल परसात, भांडी वेगळी, आणि सगळं आवरल्यावर आंघोळ करूनच देवापुढे दिवा. इतकी वर्षं रस्सा रांधला, पण एकदाही चाखला नाही. मीठ बघ, असंही कधी कुणाला म्हणाल्या नाहीत. पहिलं ताट वाढलं की दाराला टेकून जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. त्याने पुन्हा वाटी पुढे केली की मग आत जायच्या.

शेजारीण एकदा म्हणाली, "मालकाला तर देवानं न्हेलंच की. आता कशाला ती माळ?"

"म्या काय देवासंगं सौदा केलता व्हय?" मावशी म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या.

परीक्षेच्या दिवसांत माझ्या खोलीवर गोंगाट असायचा. मावशींनी परसात चुलीशेजारी मला पाट टाकून दिला. मोठ्याने वाचायला मात्र बंदी. "तुजं पुस्तक न्हायतर माजी चरबी. दोघांचं एकदम ऐकू येत न्हाय मला."

मी शिक्षक झालो तरी दुपारी तिथंच जेवायचो. त्यांचे कान जायला लागले हे आम्हां जेवणाऱ्यांना ताटात कळलं. एका रविवारी शाहूपुरीतल्या एका टेम्पोवाल्याने पहिला घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. "मावशी, करपलंय जनू."

मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण सारलेली वाटी दिसली. तो पुन्हा ओरडून सांगायला लागला.

"वरडू नगंस," त्या म्हणाल्या. "कळलं."

लेकीने कानाचं मशीन आणून दिलं. मावशींनी चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "त्येच्यात चरबी बी तडतडतीया अन् रिक्षा बी. कुठली उतरवायची, पोरा?"

मग सगळे एकच सांगायला लागले. टेम्पोवाला सांगायचा ते मनापासून सांगायचा. "मावशी, एकदा जिभंला लावून बगा की. देव काय सैपाकघरात येऊन बसलाय व्हय?"

"त्यो न्हाय बसला. मी बसलीया की."

एवढंच बोलल्या. माळ राहिली, खानावळ गेली. पातेली घासून पालथी घातली आणि पन्हाळ्याच्या बाजूला लेकीच्या गावी निघाल्या. एसटीत बसवायला मी गेलो होतो. खिडकीतून म्हणाल्या, "घावलं का रं दुसरं जेवाण?" मी हो म्हणून मान हलवली. त्यांना ते खोटं वाटलं असावं, कारण डब्यातल्या दोन भाकऱ्या काढून माझ्या हातात दिल्या.

फोनवर त्यांना काही ऐकू यायचं नाही. चौथीपर्यंत शिकल्या होत्या, म्हणून मी पत्र पाठवलं. लेक सांगते, ओळींवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि गोठ्याकडे गेल्या. त्याच वर्षी हिवाळ्यात त्या वारल्या. पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप मावशींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्या तोंडाकडे बघायचात आणि आम्ही नुसती वाटी पुढे करायचो. चव कशी होती, ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून लिहितो. पांढरा रस्सा आधी मिरीने घशाला टोचायचा. मग खोबऱ्याचं दूध यायचं आणि ते टोचणं निवायचं. वाटी संपल्यावर तुमची चरबी लागायची, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. जड नाही, फक्त ओठांवर थोडी राहायची. पेपरला जाताना मी तोंड पुसायचो नाही. तांबड्याला जाळ असायचा, पण पोटात आग पडायची नाही, तेही त्या चरबीमुळेच.

मीठ बरोबर असायचं, मावशी. त्या करपलेल्या दिवशीही बरोबर होतं.