शेवंताच्या कार्डावरची माझी सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवालाही नाही — त्याच्यापुढे तर जन्मभर साळसूदपणे हात जोडत आले. ऐकून तुम्ही थुंकलात तरी मला नवल वाटणार नाही.

परळच्या एका शाळेत मी नर्स होते. गिरगावातल्या कारकुनाची मुलगी, पांढरा कडक गणवेश, हातात दिवा धरून सेवेची शपथ घेतलेली. केवढा तोरा! दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभेला मी पहिल्या रांगेत. सगळी मराठी माणसं एक, असं कुणी भाषणात म्हटलं की पहिली टाळी माझी.

दरवर्षी मुलांची तपासणी व्हायची. वजन, दात, डोळे, कान — सगळं मी बघायचं आणि काही बिघाड दिसला तर कार्डावर लाल पेन्सिलीने फुली मारायची. डॉक्टर सहामाहीला एकदा येत, ते फुलीवाली मुलंच बघत. फुली नाही म्हणजे मूल ठणठणीत.

शेवंता तिसरीत होती. आई गिरणीत वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. त्या लोकांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. 'त्या लोकांनी' — बघा, जीभ अजून तशीच वळते!

त्या मुलांना मी कशी तपासायचे? लांबून. टेबलापलीकडे उभं करायचं, मान डावीउजवीकडे वळव म्हणायचं, आणि लिहायचं — कान चांगले. खाली सही, वळणदार. तीन वर्षांत शेवंताच्या कानाला माझं बोट लागलं नाही. सोवळं म्हणायचीही हिंमत नव्हती हो, मी त्याला 'वेळ नाही' म्हणायचे.

एकदा तिची आई गिरणीची पाळी सुटल्यावर थेट शाळेत आली. केसांत कापसाचे तंतू तसेच.

"बाई, पोरीच्या कानातनं पानी येतंय. घान वास मारतोय. बगा की जरा."

वास मलाही आला होता, त्याआधी कितीतरी दिवस. मी म्हटलं, "कोमट तेल सोड दोन थेंब." वाहत्या कानात तेल घालायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरींनाही शिकवतात. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. ती टळावी, एवढंच मला हवं होतं. लई उपकार झालं म्हणून हात जोडून गेली बिचारी.

शेवंता हजेरीला ओ देईना. मास्तर तिला ढ म्हणायचे, भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. तो माणूस निदान अडाणीपणाने वागत होता. मी? येताजाता बघायचे. लाल पेन्सिल माझ्या खिशातच असायची. पण आता फुली मारली, तर डॉक्टर विचारणार — इतके दिवस काय करत होतात? माझी अब्रू त्या पोरीच्या कानाहून मोठी ठरली.

मग एके सकाळी ती प्रार्थनेला उभी असतानाच कोसळली. अंगात सणकून ताप, कानामागे गाठ. तिच्या आईला निरोप पाठवला आणि आम्ही तिला इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. एक कान आधीच गेला होता, दुसराही राहिला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी शाळेचं कार्ड मागवलं. वाचलं. तीन वर्षं, तीन सह्या, कान चांगले. मग कानात तेल सापडलं म्हणून आईवर भडकले — शाळेत कान उत्तम होते, तेल कुणी घातलं? तुम्हीच पोरीची वाट लावलीत.

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी काही बोलेन म्हणून थांबली असावी. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माजं, सायेब."

मी शेजारीच उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी त्यांच्या म्हणण्याला मान डोलावली.